मोठ्याला शाळेत पाठवलं म्हणून आबांना ताप आला का?

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमच्याकडे येणारे बरेचसे फोन एकाच प्रकारचे असतात. घरात एकामागून एक माणूस अंथरूण धरतं आणि कुणीतरी एक जण, बहुतेक वेळा आई किंवा सून, 'हे माझ्यामुळे झालं' असं मनाशी धरून बसलेली असते. इंदूरच्या सुदामा नगरातल्या अनघाची गोष्ट त्यातलीच. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

घरात सहा माणसं. अनघा, नवरा, सासू-सासरे, सहा वर्षांचा मोठा मुलगा आणि साडेचार महिन्यांचं बाळ. रविवारी बाळाचं बोरन्हाण झालं. सोमवारी मोठ्याचं नाक गळायला लागलं, मंगळवारी रात्री त्याला ताप भरला. डॉक्टरांनी तपासणी करून इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, असल्याचं सांगितलं. शुक्रवारी सकाळी अनघाचं अंग मोडून आलं, १०२ ताप. दुपारी आबांना, म्हणजे सासऱ्यांना, थंडी वाजून खोकला सुरू झाला. आबांचं वय ७१, मधुमेह आहे आणि हिवाळ्यात दमा उचल खातो. शनिवारी सकाळी अनघाने फोन केला.

"सोमवारी त्याचं नाक गळत होतं, पण चाचणी होती म्हणून मी पाठवलं. आई म्हणतात, तिथूनच हे सगळं घरात आलं. आता बाळाला माझ्याजवळ आणायचं नाही असं ठरलंय. काल रात्रीपासून त्याला वरचं दूध चालू आहे." पाठोपाठ हळूच म्हणाली, छाती दाटून दगड झालीय.

अपराधीपणावर बोलण्याआधी एक गोष्ट विचारणं भाग होतं: आबांना डॉक्टरांना दाखवलं का? नव्हतं दाखवलं. काढा चालू होता. पासष्टीच्या पुढचं माणूस, मधुमेह, दमा आणि घरात फ्लूचा पक्का रुग्ण, एवढं असताना दोन दिवस वाट पाहायची नसते. फ्लूवरचं विषाणूरोधक औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वात जास्त उपयोगी पडतं. शुक्रवारी दुपारपासून मोजलं तर रविवारी दुपारी ती मुदत संपत होती. नवऱ्याने त्यांना तासाभरात नेलं. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ते ठरवण्याइतका वेळ डॉक्टरांच्या हातात राहिला पाहिजे. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या घरात होत्या, त्या देऊ नका असंही सांगितलं. त्या जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही.

मग अनघाला म्हटलं, कॅलेंडर समोर घ्या आणि पेन घ्या. 'माझी चूक नाही ना?' या प्रश्नाला 'नाही हो' असं नुसतं म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही, तारखा मांडल्या की होतं. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुतेकांना साधारण दोन. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला देऊ शकतो आणि पहिले तीन दिवस सर्वात जोराचे असतात. मुलाचं नाक सोमवारी गळायला लागलं, म्हणजे विषाणू त्याच्यात आला गुरुवार ते रविवारच्या दरम्यान, आणि बोरन्हाणाच्या दिवशी अंगणात बोरं वेचताना तो कदाचित आधीच संसर्ग देत होता. तेव्हा कुणाला काय कळणार? अनघा आणि आबा शुक्रवारी पडले, म्हणजे त्यांना लागण झाली सोमवार ते गुरुवार. त्या चार दिवसांत मुलगा घराबाहेर होता तो फक्त सोमवारी शाळेत असताना. त्याला त्या दिवशी घरी ठेवलं असतं तर तेवढे तास तो आबांच्याच जवळ गेला असता.

नाक गळणाऱ्या मुलाला शाळेत पाठवू नये, हे खरंच आहे. पण ते वर्गातल्या इतर मुलांसाठी. आबांच्या तापाशी त्या निर्णयाचा संबंध लागत नाही.

फोनवर बराच वेळ शांतता होती. नंतर तिनेच विचारलं, "मग आबांना इतकं पटकन कसं झालं? आईंनी तर मंगळवारपासून त्याचं ताट-वाटी वेगळी केली होती, दाराच्या कड्या रोज पुसत होत्या."

आम्ही विचारलं, झोपतो कुठे तो?

आबांजवळ. बाळ झाल्यापासून एकाच रजईत. जानेवारीची थंडी, म्हणून खिडक्या बंद आणि फटीत कापड कोंबलेलं.

घरोघरी नेमकं हेच नजरेतून सुटतं. ताट-वाटी दिसते, म्हणून ती वेगळी होते. झोप ही 'संपर्क' म्हणून कुणी मोजतच नाही. वास्तविक आठ तास, एक हात अंतरावर, बंद खोलीत दुसऱ्याचा श्वास आपल्या नाकात जात असतो. खोकल्या-शिंकेतले मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. पण श्वासातून, बोलण्यातून निघणारे बारीक कण बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे बराच वेळ तरंगत राहतात. वस्तूंवरूनही लागण होते, नाही असं नाही. स्टील किंवा प्लास्टिकसारख्या कडक पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर ८ ते १२ तास, हातावर मात्र काही मिनिटंच. म्हणून मोबाइल, टीव्हीचा रिमोट, पाण्याच्या माठाचं ओगराळं पुसायला हरकत नाही आणि २० सेकंद साबणाने हात धुणं तर हवंच. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे, वेगळी काढायची गरज नाही. पण एवढं सगळं करूनही जर रात्री एका उशीवर दोन डोकी असतील, तर मोठं दार उघडंच राहतं.

हे सांगताना आबांवर ठपका जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. नातू कुशीत झोपतो तो प्रेमापोटी. आजार घरात माणसांच्या जवळिकीच्या वाटेनेच फिरतो, आणि त्या जवळिकीबद्दल कुणी कुणाची माफी मागायची नसते. पाच-सात दिवस झोपायच्या जागा बदलायच्या, इतकंच.

घर दोन बेडरूम आणि हॉलचं. ज्यांना एकच आजार आहे ते एका खोलीत राहिले तर चालतं, म्हणून मोठा मुलगा अनघाच्या खोलीत गेला (तो तर खूश झाला, आई परत मिळाली). आबा त्यांच्या खोलीत एकटे. बाळ आणि आजी हॉलमध्ये, गॅलरीच्या बाजूला. आबांचं सगळं एकट्या नवऱ्याने करायचं, एन-९५ मास्क नाकावर नीट दाबून लावून, आणि बाहेर आल्यावर हात धुवून. हा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण तोवर सासूबाई आबांना काढा देऊन त्याच पदराने बाळाचं तोंड पुसत होत्या. रुग्णाकडे जाणारं माणूस आणि बाळाला सांभाळणारं माणूस वेगळं ठेवा. माणसं कमी असतील तर निदान साडी किंवा ओढणी बदला आणि मास्क लावा.

खिडकीबद्दल घरात मतभेद होतेच. थंड वाऱ्याने फ्लू होत नाही, विषाणूने होतो. रुग्णाला पांघरूण जास्त द्या, पण त्याच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि लागून बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. हवा कुठल्या दिशेने जाते ते पाहायची सोपी रीत आहे: खोलीचं दार बोटभर उघडून फटीपाशी पेटती अगरबत्ती धरायची. धूर हॉलमधून खोलीत ओढला गेला पाहिजे. अनघाच्या घरी उलटं होत होतं, खिडकीतून येणारा वारा खोलीतली हवा हॉलमध्ये, बाळाकडे ढकलत होता. खिडकी दोन बोटांवर आणली, एक्झॉस्ट लावला, दाराखाली चादरीची गुंडाळी ठेवली आणि गॅलरीचं दार थोडं उघडलं, तेव्हा धूर आत वळला. तपासून झालं की अगरबत्ती लगेच विझवायची. स्प्लिट एसी किंवा रूम हीटर तीच हवा खोलीत फिरवतो, त्याने ताजी हवा येत नाही. आणि बंद खोलीत शेगडी तर कधीच पेटवू नये, त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

आता बाळाचं दूध. फ्लू दुधातून जात नाही. जातो तो आईच्या श्वासातून, खोकल्यातून आणि हातांवरून. उलट दुधातून आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, म्हणजे आजाराशी लढणारी प्रथिनं) बाळाला मिळतात, म्हणजे अंगावरचं तोडणं हे बाळाच्या नुकसानीचंच. अनघाला सांगितलं ते असं: पाजायची वेळ झाली की ताजा मास्क लावा, साबणाने हात धुवा, धुतलेली ओढणी घ्या, तुमच्या खोलीत बाळाला न बोलावता तुम्ही गॅलरीच्या दारापाशी खुर्चीवर येऊन बसा. पाजून झालं की बाळ आजीकडे द्या. मास्क ओला झाला की बदला. छाती धुवायची गरज नाही, उघड्या छातीवर खोकला उडाला असेल तरच धुवा. अंगात त्राण नसेल त्या वेळी दूध पिळून वाटीत काढा आणि आजीने वाटी-चमच्याने पाजावं. ते साध्या खोलीत चार तास चांगलं राहतं. छाती दाटली होती त्यासाठी पाजण्याआधी थोडा कोमट शेक, आणि बाळाला दोन-तीन तासांनी नेमाने घ्यायचं. गाठ लाल होऊन दुखायला लागली तर डॉक्टर.

सासूबाईंशी वेगळं बोललो. "आमच्या वेळी बाळंतिणीला ताप आला की अंगावरचं तोडायचे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागापेक्षा धास्ती जास्त होती. नवरा आजारी, सून आजारी, आणि बाळ एकट्यांच्या भरवशावर. त्यांना म्हटलं, "काकू, बाळ तुमच्याचकडे राहणार आहे, फक्त दूध आईचं." त्यांना एक काम नेमून दिलं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजायचा, सकाळ-संध्याकाळ, आणि कागदावर लिहायचा. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त झाला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, दूध तोंडात घेईना, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर १००.४ ताप एवढं एकच कारण पुरेसं होतं. ओव्याची धुरी आणि कापराची पोटली मात्र बंद करायला सांगितली. धुराने कोवळ्या श्वासनळ्यांना त्रास होतो आणि कापूर पोटात किंवा अंगात गेला तर तान्ह्याला झटके येऊ शकतात. कापराचं बाम दोन वर्षांच्या आत नको, मध एक वर्षाच्या आत नको. मोठ्या मुलाला तापासाठी ॲस्पिरिन नको. आणि उकळत्या पातेल्यावर त्याला वाफ द्यायची नाही. वाफेने विषाणू मरत नाही, भाजण्याच्या घटना मात्र होतात. सासूबाईंनी धुरी बंद केली ती थोडी नाराजीनेच, पण श्वासाचा कागद त्यांनी इतका काटेकोर ठेवला की पुढे डॉक्टरांनाही त्याचा उपयोग झाला.

कारण मंगळवारी बाळाचं नाक वाहायला लागलं आणि संध्याकाळी १०० ताप आला. अनघाचा फोन पुन्हा: "एवढं करून झालंच शेवटी." इथे खोटा दिलासा देऊ नये. मास्क, खिडकी, वेगळं अंथरूण यांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि शनिवारच्या आधीचे दिवस तर कुणाच्याच हातात नव्हते. पण घरात एकाला झाला म्हणजे सगळ्यांना होतोच, मग कशाला एवढं, हेही चूक. फ्लूच्या घरगुती संसर्गाच्या बहुतेक अभ्यासांत लागण झालेली माणसं निम्म्याहून कमीच असतात. या घरात नवरा आणि सासूबाई शेवटपर्यंत धडधाकट राहिले. बाळाला त्याच दिवशी दाखवलं. श्वास ४० च्या आसपास होता, दूध घेत होतं. पाजण्याआधी नाकात सलाइनचे दोन-दोन थेंब, वजनानुसार पॅरासिटामॉल, आणि आईचं दूध चालू. चौथ्या दिवशी ते हसायला लागलं. आबांचा ताप तीन दिवसांत उतरला. ऑक्सिमीटरवर त्यांचा आकडा ९४ च्या खाली गेला तर लगेच कळवा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ती वेळ आली नाही. खोकला मात्र दोन आठवडे रेंगाळला.

त्या खोकल्याने घर पुन्हा घाबरलं, म्हणून हे सांगायला हवं. खोकला आहे तोवर माणूस संसर्ग देतोच असं नाही. मोठी माणसं साधारण पाच ते सात दिवस देतात, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं त्याहून जास्त. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही आणि एकूण बरं वाटतंय, की खोलीतून बाहेर यायला हरकत नाही. त्यानंतर पाच दिवस बाळाजवळ आणि म्हाताऱ्या माणसांजवळ मास्क लावायचा. नातू आबांच्या रजईत परत कधी, हा घरातला सर्वात तातडीचा प्रश्न होता. त्याचं उत्तरही हेच.

राहिला लसीचा प्रश्न. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देता येत नाही, त्यामुळे एवढ्या लहान बाळाचं संरक्षण म्हणजे भोवतालच्या माणसांनी घेतलेली लस, आणि आईने गरोदरपणी घेतली असेल तर तिच्याकडून मिळालेली प्रतिपिंडं. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. आबांनी आणि सासूबाईंनी दरवर्षी घ्यावी. आपल्याकडे फ्लूचा जोर दोनदा असतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात व त्यानंतर, म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी. यंदा फ्लू होऊन गेला तरी घ्यावी, कारण फ्लूचे प्रकार अनेक आहेत. लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे घरात कुणी शिंकायला लागल्यावर धावाधाव करून त्या वेळी उपयोग होत नाही.