वाचकांचे प्रश्न : स्पीकर आधी की हब?

प्रश्न : दिवे, पंखे आणि गीझर आवाजावर चालवायचे आहेत. आई-वडील घरी एकटे असतात. स्पीकर पुरेल की वेगळा हब घ्यावा? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चार-पाच वायफाय दिवे आणि प्लगच जोडायचे असतील, तर साधा स्मार्ट स्पीकर पुरतो, वेगळा हब (सगळ्या उपकरणांना एकत्र जोडणारा छोटा डबा) घेण्याची घाई करू नये. मात्र दाराचे सेन्सर, स्विच अशी उपकरणे वाढणार असतील, तर त्यांपैकी अनेक झिगबी या वायफायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीवर चालतात आणि त्यांना हब लागतोच. अ‍ॅमेझॉनच्या इको स्पीकरच्या काही मॉडेलांत हा हब आतच असतो, सगळ्यांत नाही, म्हणून खोक्यावरचा मजकूर वाचूनच खरेदी करावी. 2022 मध्ये आलेल्या मॅटर या, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकाची खूण असलेली उपकरणे घेतली, तर पुढे कंपनी बदलणे सोपे जाते.

आई-वडिलांसाठी भाषा महत्त्वाची. इकोमधली आवाजी सहायक अलेक्सा हिंदी समजते. त्यांच्या तोंडची वाक्ये तिला कळतात का, हे दुकानातच त्यांच्याकडून बोलवून पाहावे. इंटरनेट बंद पडले की आवाजी आज्ञा बहुधा थांबतात, त्यामुळे भिंतीवरची बटणे काढू नयेत आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. बहुतेक वायफाय दिवे वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडले जातात, हेही राउटरमध्ये पाहून घ्यावे.

गीझरबाबत मी कडक आहे. 2000 वॅटचा गीझर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. त्याला 6 किंवा 10 नव्हे, 16 अँपिअरचाच स्मार्ट प्लग लावावा, तोही वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्यावर.