‘हबे आमरी’तला ‘हबे’ म्हणजे काय?

प्रश्न असा आहे : कासच्या फुलांच्या माहितीत ‘पिवळी हबे आमरी’ हे नाव वाचलं. यातलं ‘हबे’ काय आहे? आणि जमिनीतून उगवणाऱ्या झाडाला ‘आमरी’ कसं म्हणायचं?

‘हबे’ हा मराठी शब्द नव्हे. हबेनारिया या ऑर्किडच्या एका गटाच्या शास्त्रीय नावाचा तो तोडलेला तुकडा आहे. लॅटिनमध्ये ‘हबेना’ म्हणजे चामड्याची वादी, लगाम. या गटातल्या बऱ्याच फुलांचे भाग वादीसारखे लांब, चिंचोळे असतात, म्हणून हे नाव. तुकडा तोडला आणि अर्थ तिथेच सांडला.

‘आमरी’ मात्र आपला शब्द. आंब्याच्या झाडावर वाढते ती आमरी, अशी व्युत्पत्ती सांगतात. ‘आमराई’तला ‘आम’ तोच. अशा आमरीला पुष्कळ जण बांडगूळ म्हणतात, ते चूक आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी फक्त आधार घेते. पुढे हा शब्द सगळ्याच ऑर्किडना लागू झाला आणि मातीत कंद धरून राहणाऱ्या जातीही आमरीच ठरल्या.

आता ही पिवळी. शास्त्रीय नाव हबेनारिया मार्जिनाटा. हे नाव देणारे हेन्री टॉमस कोलब्रुक म्हणजे अमरकोश इंग्रजी अर्थांसह छापणारे संस्कृतचे अभ्यासक, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. ‘मार्जिनाटा’ म्हणजे कडा असलेली. सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गुडघे टेकून गवत बाजूला सारा : तीन-चार पानं जमिनीला चिकटून पसरलेली, आणि प्रत्येक पानाला फिकट पिवळी कड, जणू हिरव्या लुगड्याचा काठ. मधून वीतभर दांडा, त्यावर दाटीनं फुलं. बाहेरची दलं हिरवट, पण खालचा ओठ सोनपिवळा, तीन फाटे फुटलेला. फुलामागे मधाची नळी. कळी उमलताना फुलाचा देठ अर्धा पीळ घेतो, म्हणून मुळात वर असलेला ओठ खाली येतो आणि किड्याला बसायला जागा होते. पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं, कंद तेवढा मातीत उरतो.

माझं मत विचाराल तर ‘हबे’ सोडून द्यावं. भुईमूग, भुईरिंगणी, भुईकोहळा ही घडण आपल्याकडे तयार आहे. ‘भुईआमरी’ ऐकताक्षणी कळतं. मातीत वाढणाऱ्या पिवळ्या आमऱ्या आणखीही आहेत, तेव्हा हिला नुसतं ‘पिवळी’ म्हणून भागणार नाही. ‘काठाची भुईआमरी’ म्हणावं. कोलब्रुकांनाही पानाचा काठच दिसला होता. अनेकवचन ‘भुईआमऱ्या’, आणि ‘भुईआमरीचं फूल’ लिहिताना री दीर्घच ठेवावी.