परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचावं की झोपावं? झोपेत खरंच काही पक्कं होतं का?

झोपा, कारण नव्याने शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. दिवसा वाचलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात कच्चं नोंदलं जातं. गाढ झोपेत तिथल्या पेशी दिवसाचाच क्रम पुन्हा, पण कितीतरी वेगाने, गिरवतात आणि हळूहळू ती आठवण मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, रुजते. ही कल्पना हवेतली नाही. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी 1994 मध्ये उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून पाहिलं, तेव्हा जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या त्याच नंतर झोपेतही एकत्र चेतवल्या जात होत्या. माणसांवरचा पुरावा तर त्याहून जुना: 1924 मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली, आणि तितकेच तास जागं राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर ती जास्त आठवली. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. दोन्हींचा हातभार लागतो असं दिसतं, म्हणून मला तरी पूर्ण रात्र झोपणंच शहाणपणाचं वाटतं. जागरणाचा दुसरा तोटाही मोठा आहे: थकलेला मेंदू दुसऱ्या दिवशी नवीन काही नीट टिपत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. जे लक्ष देऊन वाचलंच नाही, ते झोप पक्कं करू शकत नाही. उशाशी ध्वनिफीत लावून झोपल्याने न वाचलेला धडा पाठ होत नाही.