इन्स्पेक्शनची अट सोडू का, दादा?

अनिकेत, तुझा मेल दोनदा वाचला. व्हिसा, मुलांच्या शाळा, भाड्याचं घर यांबद्दल फोनवर बोलूच. आज फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात तू चांगलाच गोत्यात येऊ शकतोस. तू लिहिलंयस, "न्यू जर्सीत एडिसनला आल्यावर वर्षभरात घर घ्यायचंय. एजंट म्हणते, चांगल्या घरावर उड्या पडतात, होम इन्स्पेक्शनची अट सोडलीत तर तुमची ऑफर उजवी ठरेल. तपासणीचे सहाशे डॉलरही वाचतील. बाणेरचा फ्लॅट घेताना आपण कुठे काय तपासलं होतं?"

ही अट म्हणजे घर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा आणि मोठा दोष निघाला तर डिपॉझिट घेऊन बाहेर पडायचा हक्क. बाणेरला तपासलं नाहीस, कारण तपासून करणार काय होतास? आरसीसीचा सांगाडा, गच्ची सोसायटीची, ड्रेनेज सोसायटीचं. गळलं तर वरच्या काकांशी भांडायचं आणि सेक्रेटरीला पत्र लिहायचं. इथलं घर लाकडी सांगाड्याचं. छपरावरच्या डांबरी शिंगल्सपासून ते रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंत जाणाऱ्या पाइपापर्यंत सगळं तुझं. आणि एडिसन, मेटुचेन, इझलिन भागात तुला परवडणारी बरीच घरं १९५०-६०च्या दशकांतली असणार. बाहेरून नवा रंग, आत नवं किचन, पण हाडं सत्तर वर्षांची.

आमचीच गोष्ट सांगतो. २०१४ साली आम्हाला १९५६चं एक घर फार आवडलं होतं. पूर्वाभिमुख, मागे अंगण, शाळा चालत्या अंतरावर. (आपली माणसं मोबाइलवर होकायंत्र लावून दार तपासतात, पण बेसमेंटचा दिवा लावून बघत नाहीत. मीही त्यातलाच.) इन्स्पेक्टर आला तो साठीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेला माणूस. तीन तास होता. मी त्याच्या मागे मागे फिरलो आणि त्या तीन तासांत घर या वस्तूबद्दल जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो.

बेसमेंटच्या भिंतीला ताजा पांढरा रंग होता. त्याने टॉर्च समोरून न धरता भिंतीला चिकटवून तिरपा धरला, तर रंगाखालून लोणा फुगून आलेला दिसला, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत. म्हणजे पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं. मग कोपऱ्यातल्या तुळईत त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावता, आणि तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला. वाळवी. तिचं मातीचं भुयार भिंतीवरून शिसपेन्सिलीच्या जाडीने वर चढलेलं होतं. मी त्याच भिंतीपाशी दोनदा उभा राहून "इथे मुलांचं टेबल टेनिस मावेल" म्हणालो होतो!

पण खरी गोष्ट पुढेच होती. समोरच्या भिंतीतून तांब्याच्या दोन बारीक नळ्या आत आलेल्या, तोंडं चेपून बंद केलेली. तो थांबला आणि म्हणाला, तेलाची टाकी. पूर्वी इथली घरं हीटिंग ऑइलवर तापायची, टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, आणि पुष्कळांनी टाकी काढायचे कष्ट घेतले नाहीत. लोखंड गंजतं, तेल मातीत मुरतं, भूजलापर्यंत गेलं तर खर्च हजारो डॉलरांत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. नेहमीच्या होमओनर्स विम्यात हे सहसा बसत नाही. आणि घर नावावर झालं की टाकीही तुझी, पुरली कोणी हा प्रश्न मग वकिलांसाठी उरतो.

टाकी शोधणं नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये येत नाही, हे नीट लक्षात ठेव. टँक स्वीप, म्हणजे पुरलेल्या टाकीचा यंत्राने शोध, वेगळा मागवावा लागतो. आम्ही मागवला, आणि हायड्रेंजियाच्या झुडपामागे यंत्र वाजलं. विकणाऱ्याने आधी कानावर हात ठेवले, मग "जसं आहे तसं घ्या" म्हणाला. आमच्या वकिलाने इन्स्पेक्शनच्या अटीवर बोट ठेवलं आणि डिपॉझिट परत आणलं. आठेकशे डॉलर गेले. बायको दोन दिवस बोलली नाही, घर तिला फारच आवडलं होतं.

तू म्हणशील, बँक तपासतेच की. बँकेचा अप्रेझर येतो तो कर्जाला घराची किंमत पुरेशी आहे का एवढं बघायला. टाउनशिपचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, माणूस येतो तो धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बघायला. एजंट कितीही गोड असली तरी तिचं कमिशन व्यवहार झाला तरच. त्या सगळ्या गोतावळ्यात इन्स्पेक्टर असा एकच, ज्याला तू घर घेतलंस काय, सोडलंस काय, पैसे तेवढेच. म्हणून तो एजंटने सुचवलेला घेऊ नकोस, स्वतः शोध. न्यू जर्सीत त्याला राज्याचा परवाना लागतो, नंबर विचार. त्याने आधी केलेला एखादा रिपोर्ट मालकाचं नाव झाकून मागव. फोटोंसह तीस-चाळीस पानं असतील तर ठीक, चार पानांची यादी असेल तर दुसरा बघ.

रेडॉनची चाचणी सोडू नकोस. जमिनीतून येणारा हा वायू दिसत नाही, वास नाही, पण फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं मोठं कारण तोच. चाचणीची डबी घरात किमान ४८ तास ठेवतात. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) किंवा वर आला तर पाइप आणि पंखा बसवून सुटतं, घाबरायचं कारण नाही. घर १९७८च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाचंही विचार, तुझी धाकटी अजून सगळं तोंडात घालते.

आता माझी चूक. दुसऱ्या घराच्या वेळी गटाराच्या पाइपात कॅमेरा घालायचे दोनशे-अडीचशे वाचवले. पहिल्याच हिवाळ्यात, पाहुणे घरी असताना, बेसमेंटच्या मोरीतून सगळं वर आलं. जुना मातीचा पाइप, आत मेपलची मुळं. इन्स्पेक्टरला दोष नाही. तो भिंत फोडत नाही की जमीन खणत नाही, हे त्याने लिहूनच दिलं होतं.

राहिला स्पर्धेचा प्रश्न. अट पूर्ण सोडण्याऐवजी वकिलाकडून असं लिहून घे की किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, पण पाया, छप्पर, वाळवी, टाकी, रेडॉन यांत मोठं काही निघालं तर बाहेर पडण्याचा हक्क राहील. विकणाऱ्याला भीती असते ती गळक्या नळासाठी कुणी पाचशे डॉलर तोडून मागेल याची. ती गेली की बरेच जण मान्य करतात. एजंटने केलेल्या करारात इथे वकिलाला तपासायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, हा बदल तेव्हाच करून घ्यायचा. तरीही कोणी हटूनच बसलं, तर त्याच्या घराच्या बांधणीचं साल आधी बघ.

सहाशेला रुपयांत गुणत बसू नकोस. ऑफर टाकण्याआधी पत्ता मला पाठव. शनिवारी मी मोकळा असतो, सोबत येईन. भिंतीला तिरपा टॉर्च लावायला आता मलाही येतं.