पेशीच एचआयव्हीशी लढतात, मग गोळ्या कशाला?

प्रश्न: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ दोन वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेतोय, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) आता अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत दिसणार नाही इतका कमी, आलाय. त्यानं कुठंतरी वाचलं की आपल्या पेशींकडेच एचआयव्हीला अडवायची ताकद असते, तर आता गोळ्या बंद करतो म्हणतोय. खरं आहे का हे?
– एक बहीण, सातारा

उत्तर: ताई, त्यानं वाचलंय ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

2002 मध्ये अपोबेक3जी नावाचं प्रोटीन सापडलं, त्याचं काम बघून मी आजही थक्क होतो. एचआयव्हीचा सगळा मजकूर आरएनएमध्ये असतो, पेशीत शिरला की त्याला त्याची डीएनए कॉपी काढावी लागते. हे प्रोटीन आधीच्या पेशीतून निघणाऱ्या नव्या व्हायरसमध्येच शिरून बसतं आणि पुढच्या पेशीत कॉपी सुरू झाली की त्यातली 'सी' अक्षरं 'यू' करत सुटतं, इतक्या चुका पाडतं की त्या मजकुराचा काही उपयोगच राहत नाही. दुसरं टेदरिन, ते बाहेर पडणाऱ्या व्हायरसला पेशीच्या पडद्यालाच धरून ठेवतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत पेशीच्या कडेला बोरं लगडल्यासारखे व्हायरस दिसतात.

पण हे फोटो व्हीपीयू हे प्रोटीन काढून टाकलेल्या व्हायरसचे असतात हो. खऱ्या व्हायरसकडे व्हीपीयू असतं, ते टेदरिनला बाजूला करतं. आणि व्हायरसचंच विफ नावाचं दुसरं प्रोटीन अपोबेकला पकडून पेशीच्याच कचरा तोडायच्या मशीनमध्ये ढकलतं, म्हणजे हत्यार आपलं, मोडणारी यंत्रणाही आपलीच. ऱ्हीसस माकडांचं ट्रिम5अल्फा नावाचं प्रोटीन एचआयव्हीला चांगलं अडवतं, आपलं तेच प्रोटीन मात्र कमजोर पडतं. एचआयव्ही पेशीत शिरायला वापरतो तो सीसीआर5 चा दरवाजाच नसलेले लोक असतात, पण ते मुख्यतः उत्तर युरोपात आणि तिथंही शंभरात एखादा.

भावाचा रिपोर्ट चांगला आलाय तो गोळ्यांमुळं. व्हायरस झोपलेल्या सीडी4 पेशींत (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींत) लपून आहेच, आणि गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच लोड परत वर येतो.

एक विचारा त्याला, शांतपणे, की गोळीचा काही त्रास होतोय का, झोप लागत नाही, मळमळतं, कामावर कुणी डबी बघेल अशी भीती वाटते का. बऱ्याचदा खरं कारण तिथं असतं. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना सांगितलं तर घ्यायची वेळ बदलता येते, गरज पडली तर औषधही.