रोजच्या इंग्रजी बोलण्यात 'ऑनर' हा शब्द कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की शब्दकोशात 'ऑनर म्हणजे सन्मान' एवढंच सापडतं आणि त्यावरून वाक्य बनवायला गेलं की अडखळायला होतं. अडखळणारच! 'सन्मान' म्हटलं की डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं, भाषणं येतात. त्याऐवजी नुसता 'मान' घेऊन बघा, बरीचशी वाक्यं आपोआप जुळतात.

'मला त्यांच्याबरोबर काम करण्याचा मान मिळाला' : आय हॅड द ऑनर ऑफ वर्किंग विथ हर. 'त्याने माझ्या विनंतीला मान दिला' : ही ऑनर्ड माय रिक्वेस्ट. किंवा असं बघा, केकभोवती सगळे उभे आहेत आणि सुरी कुणी उचलायची ते ठरत नाहीये. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, 'वुड यू लाइक टू डू द ऑनर्स?' म्हणजे कापण्याचा मान तुमचा. इथे 'ऑनर्स' असं अनेकवचनच लागतं. मानद म्हणजे ऑनररी, मानधन म्हणजे ऑनरेरियम. तिथेही 'मान' आहेच.

रोजच्या कामात मला मात्र हा शब्द सगळ्यात जास्त भेटतो तो दिलेला शब्द पाळण्याच्या अर्थाने, आणि तोही बहुतेक तक्रारीच्या मेलमध्ये. 'द शॉप रिफ्यूज्ड टू ऑनर द वॉरंटी', म्हणजे दुकानाने वॉरंटी मानायला नकार दिला. 'दे डिडन्ट ऑनर अवर बुकिंग', म्हणजे आगाऊ बुकिंग करूनही खोली दिली नाही. यात सन्मानाचा काही संबंध नाही. कबूल केलंत ना, मग निभवा, एवढंच. चेकच्या बाबतीत ऑनर म्हणजे वटवणं. न वटलेला चेक बँकेच्या पत्रात 'डिसऑनर्ड' असतो, बोलताना सगळे 'बाउन्स' झाला म्हणतात.

आता माझी फजिती. एका कार्यक्रमात मी पाहुण्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, 'वी विल डू युवर ऑनर.' पाहुणे गोंधळून हसले. मराठीत सन्मान 'करतात', म्हणून मी 'डू' घातलं होतं. इंग्रजीत ऑनर हेच क्रियापद आहे : वी आर हिअर टू ऑनर यू. शिवाय साहेबांबद्दल मनात आदर आहे एवढंच सांगायचं असेल तर 'रिस्पेक्ट' पुरे. 'आय ऑनर माय बॉस' म्हणजे जरा आरती ओवाळल्यासारखं होतं.

उच्चारात 'ह' नाही. म्हणून 'अ' नव्हे, 'ॲन ऑनर'. आणि 'ऑ' नीट उघडा. 'इट्स माय ओनर' म्हणालात तर समोरच्याला तुम्ही मालकाची ओळख करून देताय असं वाटेल.

स्पेलिंगचं थोडक्यात : ब्रिटिश पद्धतीत शेवटच्या 'आर'आधी 'यू' येतो, अमेरिकन पद्धतीत नाही. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने 1828 च्या आपल्या शब्दकोशात 'यू' गाळलेली रूपंच घेतली होती. गंमत म्हणजे 'ऑनररी' आणि 'ऑनरेरियम'मध्ये ब्रिटिशही 'यू' लिहीत नाहीत, 'ऑनरेबल'मध्ये मात्र लिहितात. तेव्हा मेल लिहिताना या शब्दाखाली लाल रेघ आली तर आधी संगणकाची भाषा अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघा, मगच स्पेलिंगला हात लावा.