वाचकांचे प्रश्न : आठवीनंतर प्रशालेतच ठेवावं का?

प्रश्न : मुलगी जिल्हा परिषद प्रशालेत आठवीला आहे, मराठी माध्यम. नववीला तालुक्याच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत टाका, असं भावकी म्हणते. काय करावं? (एक पालक, गेवराई)

उत्तर : आधी एवढंच विचारा, नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान कोण शिकवतं? निजामाच्या राजवटीतली सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदांकडं आली, म्हणून मराठवाड्यात प्रशाला, म्हणजे जिल्हा परिषदेची हायस्कुलं, आहेत. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतेक संस्थांच्याच. प्रशालेत शिक्षक बी.एड. झालेला, पूर्ण पगाराचा. खोट आहे ती रिकाम्या जागांची. गणिताचे सर निवृत्त झाले की तास भाषेच्या सरांच्या गळ्यात पडतात.

फळ्यावरच्या 'निकाल 100 टक्के'ला भुलू नका. विषयाच्या 100 गुणांपैकी 20 शाळेच्या हातात. ते पुरते पडले तर पास व्हायला लेखीत 80 पैकी 15 पुरतात. त्यापेक्षा दिवाळीच्या आधी शाळेत जा आणि नववीच्या दोन पोरांच्या भूमितीच्या वह्या मागा. प्रमेयाखाली पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी हवी, चुकलेल्या पायरीवर लाल शाई हवी. सगळ्या वह्यांत अक्षरन् अक्षर सारखं आणि एकही चूक नाही, तर ते गाईडमधून उतरवलेलं समजा.

माध्यम नववीत बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'अपवर्तन'चं 'रिफ्रॅक्शन' करण्यातच वर्ष जातं आणि दहावी दारात येते. प्रशालेत सेमी (गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून) असेल तर तेही पाचवी-सहावीपासूनच्या पोरांना झेपतं.

एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचंही बघा. सातवीला 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीतच परीक्षेला बसता येतं, अर्ज शाळेमार्फत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. विनाअनुदानित शाळेत गेलात की त्यावर पाणी.

एक उणीव मात्र कुठल्याच वहीत दिसत नाही. मोफत शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच, खिचडीही तिथंच थांबते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर नववीत गळतं ते बहुतेक यामुळंच.

प्रश्न : शाळा नऊ किलोमीटरवर. मुलीच्या एसटी पासाला पैसे पडतात का? (कळमनुरी)

उत्तर : नाही. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत आहे. शाळेचं बोनाफाईड लागतं; पासाची मुदत संपायच्या आधीच नवा काढा, नाहीतर कंडक्टर तिकीट फाडतो.